धंद्याचा रकाना

डबा धुऊन पिशवीत टाकला की उज्ज्वला दुधाळचा रोज पंधरा मिनिटं डोळा लागतो. दुपारी दोन ते सव्वादोन. कोर्ट जेवायला उठलेलं असतं, पक्षकार चहाच्या गाड्यावर असतात आणि कोर्टासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं-खुर्च्या नुसत्या तापत असतात. आज मात्र झोप येतेय कुठली. टेबलावर हात, हातावर डोकं आणि डोक्यात सकाळचा नाझर.

नाझर म्हणजे कोर्टाच्या कचेरीतल्या टेबल-खुर्चीपासून कुलपापर्यंत सगळी व्यवस्था ज्याच्या ताब्यात असते, तो माणूस. वाईट नाही बिचारा. मॅडम म्हणतो, बसा म्हणतो. पण त्याने आज उज्ज्वलाच्या तोंडाला पानं पुसली, आणि तीही तिच्याच हातच्या कागदाने.

झालंय असं. कोर्ट गावाबाहेरच्या नव्या इमारतीत जातंय. अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देणाऱ्यांसाठी तिथे आत, व्हरांड्यात सहा टेबलं मिळणार आहेत. ज्याला टेबल मिळेल तो आत, बाकीच्यांनी घरी बसायचं, कारण नव्या इमारतीसमोर शेड नाही, झाड नाही, सरळ हायवे आहे. त्या टेबलासाठी एक फॉर्म आहे. त्यात तीन रकाने: व्यवसाय, कधीपासून, पुरावा. शेवटची तारीख आजची, पाच वाजेपर्यंत.

उज्ज्वलाने सकाळी टायपिंगच्या परीक्षेचं सर्टिफिकेट पुढे केलं. नाझरने ते उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, टायपिंग तुम्हाला येतं हे कळलं. तुम्ही ते करता, हे कुठे आहे?"

कुठे आहे. बावीस वर्षं ही बाई या शेडमध्ये बसून तालुक्याचे कागद लिहितेय. पण प्रत्येक कागदाच्या खाली एकच ओळ: लिहिणार, प. वि. तांबट, अर्जनवीस, आणि पुढे परवान्याचा नंबर. तांबटकाकांच्या हाताखाली ती दोन हजार तीनच्या जूनमध्ये आली आणि हाताखालीच राहिली. काका आठ महिन्यांपूर्वी गेले आणि परवाना त्यांच्याबरोबर गेला; तेव्हापासून कागदाखाली कुणाचंच नाव नाही. तिचं स्वतःचं नाव असलेला कोर्टातला कागद एकच निघाला, दोन हजार नऊचा. शेजारच्या हिराबाईंच्या नावात फरक होता म्हणून तिने ओळखीची साक्ष दिली होती. नाझरने तो कागद वाचला आणि वर न बघता तिच्याकडे सरकवला. 'मी, सौ. उज्ज्वला राजेंद्र दुधाळ, वय ३० वर्षे, धंदा — घरकाम.'

घरकामाला कोर्टात टेबल देत नाहीत, एवढंच तो म्हणाला. हळूच म्हणाला, तेही जास्त लागलं.

आणि संताप कशाचा, तर तो कागद तिनेच टाईप केलाय. काका सांगत होते, तिची बोटं चालत होती. काका न थांबता 'घरकाम' म्हणाले आणि हिनेही न थांबता बडवलं. समोरच्या मशीनवर बसून, बोटांना शाई, पाठीला रग, आणि धंदा काय, तर घरकाम. तेव्हा मनात आलंसुद्धा नाही. आज आलंय आणि जातच नाहीये.

पत्रा तडतडतोय. लांब कुणीतरी पुकारा करतोय, पण नाव कळत नाही. उज्ज्वला गाल दुसऱ्या हातावर ठेवते. टेबलाची फळी गरम आहे, मग तेवढी गरम नाही, मग फळीच नाही.

समोर पक्षकाराच्या स्टुलावर तांबटकाका बसलेत.

काका कधी स्टुलावर बसले नाहीत. ती खुर्ची त्यांची, स्टूल लोकांचं. पण आज बसलेत, तोच बिनइस्त्रीचा पांढरा शर्ट, उजवा हात पँटच्या खिशात. तो हात खिशातच असायचा. त्यांच्यामागे रांग आहे. सगळ्या बायका, एकामागे एक, आणि ती रांग शेडमधून निघून उज्ज्वलाच्या घरच्या मोरीपर्यंत गेलीय. मोरीत कुणीतरी नळ सोडून ठेवलाय. त्याचं उज्ज्वलाला काही वाटत नाही. तिला वाटतं ते एवढंच, की बरे सापडलात.

"एक प्रतिज्ञापत्र करायचंय," काका म्हणतात.

"तुम्ही गेलात ना, काका?"

"गेलो म्हणून तर करायचंय."

मग ते सांगू लागतात, आणि सांगताना चिडचिड करतात, जिवंतपणी करायचे तशीच. तिकडेही खिडकी आहे म्हणे. तिकडेही रांग. नाव विचारतात, वय विचारतात, आणि मग विचारतात, काय करत होता. काका म्हणाले, अर्जलेखन, छत्तीस वर्षं. तर खिडकीतल्या माणसाने त्यांचे सगळे कागद काढले. पहिल्या सोळा वर्षांचे वेगळे ठेवले. बाकीच्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, हे तुम्ही लिहिलेले नाहीत. तीन वेळा परत पाठवलंय. अमुक आणा, तमुक आणा. काकांना रांगेत उभं राहायची सवय नाही, पाय दुखतात.

उज्ज्वलाला हसू येतं आणि ते हसू लगेच आंबट होतं. तीन वेळा. तिला सकाळी एकाच खेपेत घालवलं.

"मग काय लिहू म्हणता?"

"नेहमीचं. धंदा, अर्जलेखन. खाली तू साक्षीदार."

बघा आता माणसाचा धीर. मेल्यावर सुद्धा साक्षीला हीच.

टेबलावर कॉम्प्युटर नाही, जुनं मशीन आहे, ज्याचा 'ळ' अडकायचा ते. उज्ज्वला कागद चढवते, पण बोटं ठेवत नाही. ती म्हणते, आधी मला एक सांगा. धंद्याच्या रकान्यावर तुमचा केवढा जीव.

आणि होताच. तालुक्यात कुणालाही विचारा. काका वय, पत्ता पक्षकार सांगेल तसा घ्यायचे, पण धंद्याला थांबायचे. पगाराची तारीख ठरलेली असेल तर नोकरी. रोज सकाळी काम शोधावं लागत असेल तर मजुरी. स्वतःचं शटर असेल तर व्यापार. डॉक्टर-वकिलांना व्यवसाय, कारण वकिलाच्या पुढे नुसतं धंदा राहिलं असतं तर त्याने कागद फाडला असता. सुताराला विचारायचे, दुकान आहे का लोकांच्या घरी जातोस, आणि त्यावरून शब्द ठरवायचे. नोकरी सुटलेल्या माणसालाही ते काहीतरी शोधून द्यायचे. जुन्या गिरणीचा एक कामगार होता, गिरणी बंद पडून नऊ वर्षं झालेली, तो म्हणाला, काही नाही लिहा. काकांनी लिहिलं नाही. त्याला चहा पाजला, घरी काय करतोस विचारलं, तो म्हणाला सायकली दुरुस्त करतो पोरांच्या, फुकट. काकांनी लिहिलं, सायकलदुरुस्ती. तो माणूस कागद हातात धरून बराच वेळ उभा होता. उज्ज्वलाला ते पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी काका तिला फार मोठे वाटले होते.

"आणि बायकांना?" उज्ज्वला म्हणते.

काका मागे वळून रांगेकडे बघतात. रांग आता शेडमध्ये नाही, तहसील कचेरीच्या जिन्यावर आहे, आणि उज्ज्वलाचं टेबलही जिन्यावरच आहे, तीन पायऱ्यांवर तिरकं. पहिल्या पायरीवर ती कांदेवाली, बाजारात स्वतःचा गाळा असलेली. धंदा — घरकाम. तिच्यामागे सुईण, जिने अर्धी आळी जगात आणली. घरकाम. एक बाई तर सरपंच होती, काकांनी तिलाही घरकाम लावलं आणि तिने मुकाट सही केली. सगळ्यांनी अंगठे पुढे धरलेत.

काका म्हणतात, जग तसं आहे, त्यात त्यांचा काय दोष. बाईच्या नावापुढे धंदा छापलेला, त्याच्यापुढे बाहेरचं काही लिहिलं की कोर्टात चार टवाळ खोकतात. घरकाम लिहिलं की कुणी खोकत नाही. बायकांच्याच भल्याचं होतं, म्हणतात.

हे ऐकून उज्ज्वलाच्या डोक्यात तिडीक जाते. घरी हेच, इथेही हेच. घरी तिच्या सासूबाई वीस वर्षं सांगत आल्यात, आमची सून कोर्टात जाते. करते नाही, जाते. जशी काही हिची केस चाललीय. नवरा साखर कारखान्यात नोकरी करतो, दीर गाडीचा धंदा करतो, आणि ही जाते. संध्याकाळी परत येते. एवढंच.

"बाकीच्यांचं राहू दे," ती म्हणते. "माझं बोला. तुम्ही घरकाम म्हणालात तेव्हा मी कुठे बसले होते?"

काका खाली बघतात.

"काका, मी कुठे बसले होते?"

"मशीनवर."

"मग?"

नळाचं पाणी जिन्यावरून खाली येतंय, बारीक धारेने. काका पाय वर घेतात. आता ते दोघं कोर्टाच्या आत आहेत, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, आणि पिंजरा एका माणसापुरता असल्यामुळे मधे मशीन आणि दोन्ही बाजूंना दोघं असे दाटीवाटीने उभे आहेत. न्यायाधीशांची खुर्ची रिकामी. पंखा फिरतोय पण वारा नाही. काकांच्या कपाळावर घाम आलाय, आणि उज्ज्वलाला वाटतं की मेलेल्या माणसाला घाम यावा हे बरं नाही, पुसावा का. पण ती पुसत नाही. आज नाही.

काका उजवा हात खिशातून काढतात.

हात थरथरतोय. तिला माहीतच आहे. डॉक्टर सोडला तर जगात फक्त तिलाच माहीत होतं. दोन हजार चारच्या दिवाळीनंतर त्यांचं अक्षर फुटायला लागलं, पुढच्या शिमग्यापर्यंत पेन धरवेना. डॉक्टरने कंपवात सांगितला. तेव्हापासून काका बोलायचे आणि ती लिहायची, आणि थोड्या दिवसांनी काका बोलायचेही थांबले, कारण ती न सांगता बरोबर लिहायला लागली होती. काका फक्त खाली सही करायचे, डाव्या हाताने उजवं मनगट आवळून. ती सहीसुद्धा शेवटी शेवटी नुसती रेघ होती. ती इतकं करायची की सहीच्या वेळी पक्षकाराला काहीतरी विचारायची, म्हणजे त्याचं लक्ष काकांच्या हाताकडे जाऊ नये.

"परवान्यात लिहिलंय, परवानेदाराने स्वतः लिहावं," काका म्हणतात. "तुझ्या नावापुढे टंकलेखन लिहिलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, मग तांबट काय करतात?"

झालं. बावीस वर्षांचं एका वाक्यात निघालं. टवाळ नाहीत, जग नाही, बायकांचं भलं नाही. भीती. उज्ज्वला इतका वेळ भांडायच्या तयारीत उभी होती आणि आता तिला नुसतंच रडू यायला लागतं. रडायचं नाही म्हणून ती अडकलेला 'ळ' नखाने उचकटत बसते.

काका घाईघाईने म्हणतात की आता आपण दुरुस्ती करू. तुझ्यापुढे मदतनीस लिहू. चांगला शब्द आहे, मानाचा आहे.

"मदतनीस कोण, काका?"

काका हात परत खिशात घालायला बघतात.

"तुम्हाला खिडकीतून आत जायचंय ना? मग मी लिहिते. खरं लिहिते. नाहीतर उभे राहा चौथ्यांदा."

तिला स्वतःचाच आवाज परका वाटतो. काकांशी असं ती कधी बोलली नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं, आणि परत घ्यावंसं वाटत नाही.

काका मान हलवतात. मानही हातासारखीच हलते, त्यामुळे होकार कुठला आणि थरथर कुठली ते कळायला जरा वेळ लागतो. मग उज्ज्वला बोटं ठेवते आणि मशीन सुरू होतं. मी, खाली सही करणार, पद्माकर विनायक तांबट, वय. वय ते एकोणसत्तर सांगतात, ज्या वयाला गेले ते. पुढे ती थांबते. काका थांबायचे तशीच.

"धंदा?"

पंखा दोन फेरे घेतो. खाली जिन्यावर बायका अंगठे धरून उभ्या आहेत, त्या इथून दिसतात, आणि त्याही थांबल्यात. काकांनी एका बंद गिरणीच्या माणसाला चहा पाजून शब्द शोधून दिला होता, त्यांना स्वतःचा सापडत नाही. एकदा त्यांचं तोंड उघडतं. उज्ज्वला हात टेकते, वाट बघते. तिला त्यांची दया येते आणि त्या दयेचाही राग येतो.

"सही करणे," काका म्हणतात.

ती टाईप करते. धंदा — सही करणे. खाली लिहिते, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सन दोन हजार पाचपासून माझ्या नावाचे सर्व कागद उज्ज्वला राजेंद्र दुधाळ हिने लिहिले. तिचा धंदा अर्जलेखन. हे मला माहीत होते. हे शेवटचं वाक्य काका सांगत नाहीत, ती स्वतःच्या मनाने घालते, आणि काका ते दोनदा वाचतात.

कागद काढून ती त्यांच्यापुढे ठेवते, पेन देते. काका डाव्या हाताने उजवं मनगट आवळतात. पेन कागदाला टेकतं, घसरतं, पुन्हा टेकतं. रेघसुद्धा होत नाही. ते तिच्याकडे बघतात, पूर्वी बघायचे तसे, म्हणजे आता पक्षकाराला काहीतरी विचार. पण पक्षकार कुणी नाही. दोघंच आहेत.

"राहू दे," काका म्हणतात. "हेही आता होत नाही."

"अंगठा द्या."

वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे अंगठे घेतलेला माणूस आपला अंगठा पुढे करायला किती वेळ लावतो. उज्ज्वला त्यांचा हात हातात घेते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात पोरासारखा हलका आहे आणि सारखा थरथरतोय, आत काहीतरी अडकल्यासारखा. ती अंगठा दोन बाजूंनी चिमटीत घट्ट धरते, पॅडवर दाबते, मग कागदावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवते, काकांनीच शिकवलं होतं तसा. तेवढ्यापुरता हात थांबतो. ठसा स्वच्छ उठतो. काका त्याच्याकडे नवल केल्यासारखे बघत राहतात.

कागद ते घडी न घालता घेतात. एक शब्द बोलतील असं तिला वाटतं. माफी नको, शाबासकी नको, काहीतरी. पण ते जिना उतरायला लागतात, बायका बाजूला होतात, आणि सुईण त्यांना हाताला धरून शेवटची पायरी उतरवते. "अहो काका," उज्ज्वला ओरडते, "त्या कागदाची झेरॉक्स तरी द्या. मला इथे लागणार आहे." काका ऐकत नाहीत. कधी ऐकलंय.

पुकारा होतो. या वेळी नाव स्पष्ट ऐकू येतं, पण ते दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

उज्ज्वला डोकं उचलते. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा वळ, तोंड कोरडं, समोर कॉम्प्युटर. पावणेतीन. कोर्ट बसलंय. स्टुलावर एक म्हातारी कधीची येऊन बसलीय, उठवावं की नाही या विचारात. समोर तो फॉर्म, कोरा, आणि त्याच्यावर तो नऊ सालचा कागद, घरकामवाला. काकांचं प्रतिज्ञापत्र अर्थातच कुठे नाही. तिकडच्या खिडकीत गेलं ते. इथल्या खिडकीसाठी हिच्या हातात काय, तर काही नाही. तिला इतका राग येतो की पिशवी उचलावी आणि घरी जाऊन भांडी घासत बसावं, म्हणजे कागद तरी खरा होईल.

ती पेन उचलते तेव्हा दिसतं. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही आतल्या कडेने निळी झालीत. जिथे ठसा उठतो तिथे स्वच्छ. शाई आहे ती फक्त कडेला, दुसऱ्याचा अंगठा चिमटीत धरला की लागते तिथे. शाईचं पॅड आज पिशवीतून काढलेलंच नाही. ती पदराने पुसते. जात नाही. थुंकी लावून पुसते, पसरते पण जात नाही.

म्हातारी विचारते, बाई, वेळ आहे का तुम्हाला. उज्ज्वला म्हणते, बसा, आधी माझं एक काम करते, मग तुमचं.

व्यवसाय या रकान्यात ती लिहिते: अर्जलेखन व टंकलेखन. कधीपासून: जून २००३. पुराव्याच्या रकान्यापाशी हात थांबतो, पण फार नाही. हा सहा ओळींचा रकाना आहे आणि तिला एकच ओळ लागते. 'या कोर्टातले आणि तहसीलमधले बावीस वर्षांचे कागद. काढून बघावेत.'

सही करताना निळं बोट फॉर्मवर टेकतं आणि नावाशेजारी डाग पडतो. दुसरा फॉर्म मागता आला असता. ती मागत नाही. म्हातारीकडे वळते, नवा कागद उघडते, नाव विचारते, वय विचारते.

"आणि करता काय तुम्ही?"

म्हातारी म्हणते, मी कुठं काय करते बाई, घरीच असते. उज्ज्वला की-बोर्डवरचा हात काढून घेते आणि चहावाल्याला दोन बोटं दाखवते.